घोडी बदमाश नाहीये, तिचा तोल नीट नाहीये

होळकरांचं गाव आहे म्हटल्यावर इंदूरच्या मराठी घरांमधे घोड्यावर बोलायला सगळेच तयार असतात, आणि सल्ला एकच, अडला की टाच मारा. माझी भाची महू रोडकडे रायडिंग शिकायला जाते, तिला दिलेली मारवाडी घोडी आधी वरातीत नाचायची. डावीकडे छान वळते, उजवीकडे वळवली की आतल्या, म्हणजे वळणाच्या बाजूच्या खांद्यावर कलंडते, आणि दुडकीत आली की स्पीड वाढतच जातो. सगळे म्हणतात बदमाश आहे. मला तर यात बदमाशीपेक्षा फिजिक्स जास्त दिसतं.

नुसत्या उभ्या घोड्याचंच साधारण 55 ते 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, कारण एवढी मोठी मान आणि डोकं पुढे असतं. त्यात घोड्याला कॉलरबोन नसतं. पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी जोडलेले, छाती त्या स्नायूंवरच दोन खांद्यांच्या मधे तोललेली. आणि आपल्यात डावरे-उजवे असतात तशी घोड्याचीही एक बाजू जास्त कामाची असते, मग कच्च्या बाजूला वळताना छाती तिकडे घसरते, बघणाऱ्याला वाटतं मुद्दाम करतेय. दुडकीत पळ काढते तेही तसंच, वजन पुढे गेलं की पाय त्याच्यामागे धावणारच. लगाम ओढून धरला तर ती त्याच्यावरच रेलते, हात दुखतात, स्पीड तेवढाच.

वरातीची सवय वेगळीच अडचण करते. मान उंच आणि पाठ खोल ठेवून नाचायचं, पण स्वार नीट पेलायचा तर पोटाच्या स्नायूंनी पाठ उचलून धरावी लागते आणि मागचे पाय पोटाखाली यावे लागतात, ते हिने कधी केलेलंच नाही.

आता वर बसलेला माणूस. पाठुंगळीला घेतलेलं पोर एका बाजूला कललं की आपलं पाऊल आपोआप तिकडेच पडतं ना, तसंच. भाची उजव्या वळणावर आत वाकून घोडीचा खांदा बघत बसायची, माणसाचं डोकंच साडेचार-पाच किलोचं, वर कंबर मोडलेली, म्हणजे जिथे घोडी आधीच कलंडते तिथेच आणखी वजन. उस्तादजी ओरडले, "बेटा, नीचे नहीं, सामने देखो!" भाचीची मान वर गेली, दोन्ही बैठकीची हाडं सारखी टेकली, आणि घोडीने लगाम न ओढता चार-पाच पावलं सरळ टाकली. मांड पक्की म्हणजे पाय आवळून बसणं नाही हे मला तेव्हा दिसलं.

अर्थात आधी दुखणं बघायचं. घोड्याचे दात बरीच वर्षं वर येत राहतात, कडा धारदार होऊन गाल सोलतात, खोगीर टोचतं, खूर वाकडे वाढतात, म्हणून नालबंद दर 6-8 आठवड्यांनी लागतोच. हे सोडून ट्रेनिंग करणं मला तरी क्रूरपणा वाटतो.

बाकी काम कंटाळवाणं आहे. 20 मीटर व्यासाचं मोठं गोल, दहा-बारा पावलं चाल मग थोडी दुडकी मग परत चाल, जमिनीवर आडवे बांबू ठेवून त्यावरून नेणं, हलका चढ. दरवेळी स्पीड बदलताना मागचे पाय थोडे आत येतात आणि स्नायू तयार व्हायला महिने लागतात. उजवं गोल दुडकीत नीट निघेपर्यंत भरधाव पळवायची नाही असं उस्तादजींनी सांगून ठेवलंय, भाची तोंड फुगवून चालच करतेय.