खोड जाड करायचंय? मग कात्री जरा बाजूला ठेवा

बोन्साय पाळणाऱ्या प्रत्येकाची एक तक्रार ठरलेली, दोन वर्षं झाली तरी खोड आपलं पेन्सिलीएवढंच. माझंही तेच झालं. गच्चीवर चायनीज एल्म आणलं, छोट्या ट्रेमध्ये लावलं आणि दर रविवारी कात्री घेऊन बसायचो, फांदी जरा लांबली की कट. झाड गोंडस दिसायचं, पण खोड ढिम्म.

साल आणि लाकूड यांच्या मधे कॅम्बियम नावाचा पातळ थर असतो, तो आतल्या बाजूला नवं लाकूड बनवतो आणि बाहेरच्या बाजूला सालीतल्या रसवाहिन्या. त्याला लागणारी साखर पानांतून येते, सालीतून खाली उतरते, शिवाय कोवळ्या शेंड्यातून ऑक्सिन हे संप्रेरक खाली येतं आणि कॅम्बियमला कामाला लावतं. म्हणजे मी दर रविवारी खोडाचा पगारच कापत होतो की!

लिओनार्दो दा विंचीने पाचेकशे वर्षांपूर्वी एक गंमत नोंदवून ठेवलीय. फांद्यांच्या सगळ्या जाड्या एकत्र केल्या तर खालच्या खोडाएवढ्या भरतात, अर्थात व्यास नाही, कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ धरायचं. ३ सेंमी आणि ४ सेंमीच्या दोन फांद्या असतील तर खालचं खोड साधारण ५ सेंमी, शाळेतलं ३-४-५ आठवतंय ना, तेच. अगदी काटेकोर नियम नाही हा, पण अंदाजाला पुरतो.

यातूनच सगळी युक्ती निघते. फांदी जाडी देते ती तिच्या खालच्या भागाला, वरच्याला नाही. म्हणून अगदी खालची एखादी फांदी मोकाट वाढू द्यायची, तिला सॅक्रिफाइस ब्रँच म्हणतात, मी आपलं राबती फांदी म्हणतो. बुंधा हवा तेवढा भरला की ती काढायची. नाहीतर खोड होतं नंदीध्वजाच्या उंच काठीसारखं सरळसोट, ते सोलापूरच्या संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेत शोभतं, बोन्सायला नाही. बोन्सायला खाली जाड आणि वर निमुळतं हवं. त्यासाठी सरळ खोडच वरून तोडायचं आणि बाजूच्या फांदीला नवा शेंडा करायचं. शेंडा गेला की सालीखाली झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, जागे होतात, एल्म यात फार दिलदार, जुन्या खोडावरही भसाभस फुटतं.

पण फांदी काढायला उशीर करू नका. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. अमेरिकेतले वृक्षतज्ज्ञ ॲलेक्स शिगो यांनी १९७० च्या दशकात हे नीट मांडलं, की झाड खराब भाग आतून भिंती घालून वेगळा पाडतं आणि वरून नवं लाकूड चढवून झाकून टाकतं. जखम जेवढी मोठी तेवढा झाकायला वेळ. तारेचंही तसंच, खोड फुगायला लागलं की तार सालीत रुतते आणि वळ पुढे वर्षानुवर्षं दिसतो, बघत राहावं लागतं.

आपल्याकडे एप्रिल-मे मधे ऊन कसं भाजतं माहितीये, त्यात उथळ ट्रे दुपारपर्यंत कोरडा. म्हणून खोड बनेपर्यंत झाड मोठ्या कुंडीत नाहीतर जमिनीतच बरं, मुळं मोकळी, पानं जास्त. आणि चायनीज एल्मच कशाला हवं, आपला वावळ त्याच कुळातला, उन्हाळ्यात त्याच्या चपट्या गोल पापड्या वाऱ्यावर कुठेही उडून रुजतात. माझ्या कंपाउंडच्या भिंतीला एक आलं होतं, ते काढून पेंटच्या डब्यात लावलंय. त्याची राबती फांदी शेजाऱ्यांच्या गच्चीत डोकावतेय, काका रोज विचारतात, "कधी कापतोयस रे?" गड्डा झाल्यावर, नवी पालवी यायच्या आत.