प्रगतिपुस्तकातला वजनाचा रकाना

मराठी शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘उंची’ आणि ‘वजन’ असे दोन रकाने असायचे. गुरुजी ते भरत, पालक खाली सही करत, आणि त्या आकड्यांचं पुढं काही होत नसे. कुणाचं लक्ष गेलंच, तर पोरगं वाळलंय का एवढंच बघायला. वजन जास्त म्हणून कुणाला शेरा मिळाल्याचं मला तरी आठवत नाही. कोल्हापुरात आज पहिली ते चौथीच्या मुलांच्या लठ्ठपणाची काळजी करायची, तर आधी हे बघायला हवं की तो इतकी वर्षं कुणाला दिसलाच कसा नाही.

मोजायची रीतच एका बाजूची होती. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. तेव्हा पोरांना शेतातून, गुरांमागून वर्गात आणणं हेच मोठं काम होतं. पुढं मुलांचं कुपोषण मोजायला १९५६ ची गोमेझ प्रतवारी आली, १९७२ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची आली. दोन्हींत वयाच्या मानानं वजन किती कमी, यावरच श्रेणी ठरायची. जास्त वजनाला खानाच नव्हता. १५ ऑगस्ट १९९५ पासून देशात शालेय पोषण आहार सुरू झाला. आपल्याकडं आधी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेत खिचडी शिजायला लागली. प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, हा हिशेब भुकेचा होता आणि त्यात काही चूक नव्हती.

कोल्हापूरची गोष्ट मात्र एवढ्यावर संपत नाही. या गावाला भरलेल्या अंगाचं कौतुक आहे. १९१२ मध्ये बांधलेलं कुस्तीचं खासबाग मैदान, गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी, कट्ट्यावर म्हशीची धार काढून तिथंच प्यायचं दूध, बदाम घोटून केलेली थंडाई. खुराक हा शब्द इथं लहान पोरालाही कळतो. पण तालमीतला खुराक एकटा कधीच नव्हता. पहाटे उठून जोर-बैठका, आखाड्याची माती उकरणं, संध्याकाळी लढती. पेठेतली पोरं कुस्तीत नसली तरी फुटबॉलमागं पळत असायची. इथल्या बऱ्याच संघांच्या नावात आजही ‘तालीम’ आहे.

पुढं मेहनत सुटली, खुराक तेवढा टिकला. शाळेला रिक्षा आली, व्हॅन आली. बोळातली मोकळी जागा दुचाक्यांनी भरली. संध्याकाळ शिकवणीला गेली. घरच्या दुधा-तुपाच्या जोडीला १९८३ मध्ये मॅगी आली आणि नव्वदीनंतर चिप्सची पाच रुपयांची पुडी दुकानादुकानात लटकायला लागली. तरीही आजी म्हणणार, “खाऊ दे की, वाढतं अंग हाय.” गुटगुटीत बाळांना बक्षिसं देणाऱ्या सुदृढ बालक स्पर्धांत वाढलेली ही पिढी. तिला दोष काय द्यायचा? तिनं दुष्काळ आणि रेशनच्या रांगा पाहिल्यात. वर्गातल्या जाड मुलाला ‘काय पैलवान’ म्हणायचं, तेही निम्मं कौतुकानंच.

जवळच पुण्यात याची एक वेगळी बाजू समोर आली. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून आसपासच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण त्या मानानं चरबी टिकून राहिलेली. म्हणजे जन्मताना बारीक असलेलं मूल पुढं भराभर जाड होणं हे ‘बाळसं धरणं’ नसून मधुमेहाकडं जाणारी वाट असू शकते.

आकड्यांतही दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते ४.१ झालं. कमी वजनाची मुलं मात्र ३६ टक्क्यांवरून हललीच नाहीत. शाळकरी वयाकडं देशपातळीवर नीट बघितलं गेलं ते २०१६-१८ च्या पोषण सर्वेक्षणात. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत २३ टक्के कृश, ४ टक्के जादा वजनाची. त्यानंतर कोरोना आला आणि लहान वर्गांची मुलं जवळजवळ दोन वर्षं मोबाइलसमोर घरी बसली.

लहान मुलाला मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, तसाच लावता येत नाही, वय आणि मुलगा-मुलगी पाहून तक्ता वापरावा लागतो. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं भारतीय मुलांसाठी २०१५ मध्ये तो नव्यानं दिला. जादा वजनाची रेषा त्यात मोठेपणीच्या २३ बीएमआयशी जुळवली आहे, लठ्ठपणाची २७ शी. शाळेभोवती ५० मीटरच्या आत जादा मीठ-साखर-तेलाचे पदार्थ विकू नयेत, हा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२० चा. तो पाळला जातो का, हे कुठल्याही शाळेच्या फाटकासमोर मधल्या सुट्टीत उभं राहून बघावं. आणि २०२५ मध्ये केंद्रानं राज्यांना शालेय पोषण आहारातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. भुकेसाठी पेटवलेल्या त्याच चुलीवर आता तेल मोजून घालायचं आहे, आणि पंगतीत कृश मूलही तिथंच बसलेलं आहे.