अल्फा-ब्लॉकर औषधे

अल्फा-ब्लॉकर म्हणजे अल्फा-ॲड्रेनर्जिक ग्राही (पेशीवरील संदेश स्वीकारणाऱ्या जागा, रिसेप्टर) अडवणारी औषधे. नॉरॲड्रेनॅलिन हे चेतातंतूंतून सुटणारे संदेशद्रव्य रक्तवाहिनीच्या भित्तीतील अल्फा-१ ग्राहींना चिकटले की स्नायुपेशीतले कॅल्शियम वाढते, वाहिनी आवळते आणि रक्तदाब चढतो. औषधाने ग्राही व्यापले की ती सैलावते. हेच ग्राही मूत्राशयाच्या मुखाशी आणि प्रोस्टेट ग्रंथीतही असतात.

आज या औषधांचा सर्वाधिक वापर प्रोस्टेटच्या वाढीमुळे लघवी अडखळत असल्यास होतो. टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, रोज ठरावीक जेवणानंतर अर्ध्या तासाने घेतात. उपाशीपोटी घेतल्यास ते रक्तात जास्त प्रमाणात उतरते. धार काही दिवसांतच सुधारते, पण वाढलेली ग्रंथी लहान होत नाही. त्यासाठी फिनास्टेराइडसारखे औषध महिनोन्महिने घ्यावे लागते. टॅमसुलोसिन आणि विशेषतः सिलोडोसिनमुळे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकते. ते अपायकारक नसते, मात्र रुग्णाला आधी सांगितलेले बरे.

रक्तदाबासाठी ही पहिली निवड नव्हे. ॲलहॅट या मोठ्या चाचणीत क्लोरथॅलिडोन या लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या तुलनेत डॉक्साझोसिन हा अल्फा-ब्लॉकर घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट आढळले आणि २००० साली तो गट थांबवण्यात आला.

प्राझोसिन या अल्फा-ब्लॉकरच्या पहिल्या गोळीनंतर उभे राहताच रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. म्हणून सुरुवात १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि तीही झोपताना. काही दिवस खंड पडला तर पुन्हा सर्वांत कमी मात्रेपासूनच चढावे. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) सोबत हा धोका वाढतो.

मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीच्या फिओक्रोमोसायटोमा या ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये सोडणाऱ्या गाठीत औषधांचा क्रम चुकला तर जिवावर बेतते. शस्त्रक्रियेपूर्वी साधारण ७ ते १४ दिवस फिनॉक्सीबेन्झामिन किंवा डॉक्साझोसिन हे अल्फा-ब्लॉकर देतात, शिवाय भरपूर मीठ व पाणी, बीटा-ब्लॉकर (बीटा ग्राही अडवणारे औषध) त्यानंतरच. तो आधी दिला तर बीटा-२ ग्राहींमुळे वाहिन्या सैल राहण्याची सोय बंद होते, अल्फाचा आवळ मोकाट सुटतो आणि रक्तदाब भडकतो.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत टॅमसुलोसिन घेणाऱ्यांची आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) लुळी पडून फडफडते, बाहुली आकसते. शस्त्रक्रियेआधी गोळी बंद केल्याने हे टळेलच असे नाही. कित्येक महिन्यांपूर्वी सोडलेली असली तरी नेत्रशल्यचिकित्सकाला सांगावे, म्हणजे आयरिस धरून ठेवणारे हुक त्यांना तयार ठेवता येतात.