पाण्याची वीज आली, पण फुकटात नाही

इलेक्ट्रिक बस, सोलर यांचा विषय निघाला की आमच्या लालबागेत हमखास ऐकू येतं, "मुंबईने शंभर वर्षांपूर्वीच कोळसा सोडून पाण्याची वीज घेतली. धूर गेला, कुणाचं काही बिघडलं नाही."

पहिला भाग बराचसा खरा. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झालं आणि वाफेवरच्या अनेक गिरण्या विजेकडे वळल्या. कोळसा मात्र पुरता गेला नाही; ट्रॉम्ब्याच्या वीज केंद्रात तो पुढेही जळत राहिला.

"कुणाचं बिघडलं नाही" हे साफ खोटं. याच विजेसाठी टाटांनी बांधायला घेतलेल्या मुळशी धरणामुळे मावळातली भातखाचरं पाण्याखाली जाणार होती, आंबेमोहोर पिकवणारी. 16 एप्रिल 1921, रामनवमीच्या दिवशी शेतकरी, बायाबापड्यांसह, थेट खोदकामाच्या जागी ठिय्या देऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. लढ्याचे नेते सेनापती बापट तुरुंगात गेले. लढा 1924 पर्यंत चालला, पण धरण झालंच. जमिनी सावकारांकडे अडकलेल्या, त्यामुळे मोबदल्याचा मोठा वाटा कसणाऱ्याच्या हाती आलाच नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

गिरणीतही तेच. आधी अंधार पडला की माग थांबायचे. खोपोलीच्या आधीच विजेचे दिवे लागले आणि पाळी लांबत गेली, इतकी की 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांत 12 तासांची मर्यादा घालावी लागली.

मुळशीचं पाणी 1927 पासून भिऱ्याच्या केंद्रात उतरतंय, आणि तिथली वीज मुंबईत येतेय.