माजी सैनिक, स्वतःचा छोटा धंदा आणि लोकसभेची उमेदवारी: अर्जाआधी काय तपासाल?

सैन्यातून निवृत्त होऊन दुकान किंवा वर्कशॉप चालवणाऱ्याला लोकसभा लढवायची तर वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत, नागरिकत्व भारताचं हवं आणि देशातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. पेन्शन आड येत नाही. निवृत्तीनंतर पुन्हा सरकारी नोकरी धरली असेल तर मात्र ती आधी सोडावी लागते. ते 'लाभाचं पद' (सरकारकडून पगार मिळणारं पद) ठरतं. फौजेत असताना नाव 'सेवा मतदार' म्हणून असतं. घरी परतल्यावर नमुना ६ भरून ते सर्वसाधारण यादीत आणलंय का, हे आजच बघा.

सगळ्यात जास्त काळजी धंद्याची घ्या. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९-अ प्रमाणे केंद्र सरकारला माल पुरवायचं किंवा त्यांचं काम करून द्यायचं कंत्राट स्वतःच्या नावावर चालू असेल, तर लोकसभेची उमेदवारी बाद होते. माल पूर्ण पोचवलाय, फक्त बिल अडकलंय, असं असेल तर कंत्राट चालू धरत नाहीत. म्हणून डिलिव्हरी चलन आणि काम पूर्ण झाल्याचं पत्र हाताशी ठेवा. छाननीच्या दिवशी कोणी हरकत घेतली की तेच कागद कामाला येतात.

अर्ज नमुना २-अ मध्ये, सोबत नमुना २६ चं शपथपत्र, नोटरीसमोर केलेलं. त्यात पॅन, पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न, पती-पत्नी आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जं, जीएसटीची थकबाकी, गुन्हे असं सगळं येतं. एकही रकाना कोरा ठेवू नका. 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. गेल्या १० वर्षांत सरकारी क्वार्टरमध्ये राहिला असाल तर भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांची बाकी नसल्याचा दाखला लागतो. क्वार्टर सोडताना मिळालेला तो कागद बहुतेकांच्या काळ्या ट्रंकेत तळाशी पडलेला असतो. आधी तो शोधा, कारण जुन्या स्टेशनवरून नवा मागवायला वेळ जातो आणि अर्जाची मुदत कोणासाठी थांबत नाही.

फोटो साध्या कपड्यांतला, तीन महिन्यांच्या आतला. गणवेशातला चालत नाही, तो कितीही अभिमानाचा असला तरी.

अनामत २५,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातींसाठी १२,५००. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार) पुरतो, पण एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचे कागद, अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत पोचला पाहिजे. अपक्षाला त्याच मतदारसंघातले १० सूचक लागतात. त्यांचे यादी भाग आणि अनुक्रमांक स्वतः पडताळून घ्या.

निवडणूक खर्चाचं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडायचं आणि ते दुकानाच्या खात्यापासून वेगळं ठेवायचं. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. तो योग्य कारणाशिवाय दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.