रिकाम्या जागांची विचारपूस : व्हर्च्युअल मशीनच्या बूटमधील पीसीआय स्कॅनची पार्श्वभूमी

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातल्या कार्यालयांत चाचणीपुरते व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, उभे करायचे आणि काम झाले की मोडून टाकायचे, ही पद्धत आता अंगवळणी पडली आहे. सर्व्हर महिनोन् महिने चालू राहत असे तेव्हा बूटला किती वेळ लागतो याची फारशी फिकीर कोणी करत नसे. आज एकाच यंत्रावर दिवसभरात असंख्य व्हीएम सुरू होतात आणि बंद होतात, त्यामुळे बूटमधला मिलिसेकंदही हिशेबात धरावा लागतो. या वेळेचा एक भाग नसलेल्या उपकरणांचा शोध घेण्यात जातो. असे का होते, हे समजण्यासाठी कार्डे आणि उपकरणे संगणकाला जोडणाऱ्या पीसीआय बसच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

त्याआधीच्या आयएसए बसवर कोणते कार्ड बसवले आहे हे संगणकाला आपणहून कळत नसे. कार्डावरचे जंपर हाताने लावावे लागत आणि दोन कार्डांनी एकच इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) मागितला की दोन्ही अडत. इंटेलने १९९२ मध्ये आणलेल्या पीसीआयने ही अडचण मुळातूनच सोडवली. प्रत्येक उपकरणाला बस, डिव्हाइस आणि फंक्शन असा तिहेरी पत्ता मिळाला : जास्तीत जास्त २५६ बस, प्रत्येक बसवर ३२ डिव्हाइस आणि प्रत्येक डिव्हाइसमध्ये ८ फंक्शन, म्हणजे स्वतंत्र उपभाग. एखाद्या पत्त्यावर उत्पादकाचा क्रमांक वाचायचा. उत्तर आले तर उपकरण आहे, आणि सगळे बिट १ असलेला आकडा आला तर तिथे कोणी नाही. बस ३३ मेगाहर्ट्झवर चालत असे, म्हणजे घड्याळाचा एक ठोका ३० नॅनोसेकंदांचा. काही ठोक्यांत कोणी ओ दिली नाही, तर बसला प्रोसेसरशी जोडणारा ब्रिज स्वतःच नकार कळवून मोकळा होई. रिकाम्या जागेला विचारणे जवळपास फुकटात पडत होते, म्हणून सगळीकडे विचारून पाहण्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, आणि त्या काळी ते वावगे नव्हतेही.

१९९० च्या दशकातल्या मोठ्या सर्व्हरमध्ये एकाहून अधिक होस्ट ब्रिज, म्हणजे थेट प्रोसेसरला जोडलेले ब्रिज, असत आणि बायोस (यंत्र सुरू होताना आधी चालणारा मूळ प्रोग्राम) त्यांची माहिती नेहमीच नीट देत नसे. त्यामुळे शून्याव्या बसपासून ब्रिजच्या साखळीने जाताना काही बस नजरेतून सुटत. यावर उपाय म्हणून लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) एक्स८६ प्रोसेसरांसाठीच्या शाखेत शेवटच्या ज्ञात बसपर्यंत प्रत्येक क्रमांक पडताळून पाहणारी एक फेरी आली. पुढे यंत्राची रचना ऑपरेटिंग सिस्टिमला सांगणाऱ्या एसीपीआयच्या तक्त्यांतून होस्ट ब्रिजची यादी मिळू लागली, तरी ही फेरी काढली गेली नाही. एखाद्या जुन्या यंत्रावरची डिस्क दिसेनाशी होण्यापेक्षा एक निरुपद्रवी फेरी राहिलेली बरी, हा कर्नलच्या देखभालकर्त्यांचा सावधपणा मला रास्त वाटतो.

पण हाच कर्नल गेस्ट म्हणून, म्हणजे व्हीएमच्या आत, चालू लागला, तेव्हा या फेरीचे गणित उलटले. व्हीएम चालवणारा लिनक्सचा भाग, म्हणजे केव्हीएम, फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स २.६.२० सोबत मुख्य कर्नलमध्ये आला. त्याच्या रचनेत गेस्टने उपकरणाच्या पोर्टला हात लावला की प्रोसेसर गेस्टमधून बाहेर पडतो, नियंत्रण केव्हीएमकडे येते, आणि उपकरणाचे सोंग क्यूईएमयू हा प्रोग्राम वठवत असेल तर तिथून ते यूझरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेर साधे प्रोग्राम चालतात तिथे, जाते. पीसीआयच्या जुन्या पद्धतीत एका चौकशीसाठी अशा दोन खेपा होतात : आधी एका पोर्टवर पत्ता लिहायचा, मग दुसऱ्या पोर्टवरून उत्तर वाचायचे. पीसीआय एक्सप्रेसने २००३ मध्ये कॉन्फिगरेशनची जागा थेट मेमरीत मांडण्याची सोय दिली; प्रत्येक फंक्शनला ४ किलोबाइट, सगळे मिळून २५६ मेगाबाइट. या मार्गाने दोनांऐवजी एकाच खेपेत काम भागते. मात्र पहिल्या २५६ बाइटसाठी एक्स८६ लिनक्स बहुधा जुना पोर्टचाच मार्ग धरत राहिला.

क्यूईएमयूच्या क्यू३५ या मशीनच्या नमुन्यात मेमरीतली ही संपूर्ण जागा मांडलेली असते, म्हणून एसीपीआयचा तक्ता शेवटची बस २५५ असल्याचे सांगतो. मग ती जुनी फेरी २५६ बस आणि प्रत्येकी ३२ डिव्हाइस, असे ८१९२ पत्ते पालथे घालते. एखाद्या डिव्हाइसचे शून्य क्रमांकाचे फंक्शनच सापडले नाही तर पुढची सात पाहायची नाहीत असा नियम आहे, नाहीतर हा आकडा आठपट झाला असता. २०२० मध्ये रेड हॅटच्या विकासकांनी (या कंपनीचे अभियांत्रिकी केंद्र पुण्यातही आहे) क्यू३५ वर लिनक्स बूट करून मोजले, तेव्हा रिकाम्या जागेवर ८१९३ वाचने आढळली. प्रत्येक वाचन यूझरस्पेसपर्यंत गेले तर सुमारे ६ मायक्रोसेकंद, आणि केव्हीएमनेच परस्पर उत्तर दिले तर सुमारे १ मायक्रोसेकंद लागत होता. एकूण फरक ०.०४ सेकंदाचा.

त्यांचा प्रस्ताव असा होता, की ही रिकामी जागा केव्हीएमला आधीच दाखवून ठेवावी. सोसायटीच्या फाटकावरच वॉचमनने ‘या नावाचे इथे कोणी राहत नाही’ असे सांगावे आणि पाहुण्याचा सहाव्या मजल्यापर्यंतचा हेलपाटा वाचवावा, तसे. त्याच सुमारास केव्हीएम गेस्टने सगळी चौकशी मेमरीच्या मार्गानेच करावी, असाही एक बदल सुचवला गेला. पहिल्या प्रस्तावाचा पुरता लाभ मिळण्यासाठी तो आवश्यकच होता. केव्हीएमच्या बाजूचा प्रस्ताव मात्र मुख्य प्रवाहात शिरला नाही.

दुसरा मार्ग बसच काढून टाकण्याचा होता. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या फायरक्रॅकर या व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामने पीसीआय वगळले आणि उपकरणांचे पत्ते कर्नलला आधीच सांगून टाकले. बूटसाठी १२५ मिलिसेकंदांचे उद्दिष्ट त्यामुळे आवाक्यात आले. डिसेंबर २०१९ मधल्या क्यूईएमयू ४.२ च्या ‘मायक्रोव्हीएम’ मशीननेही तोच धडा गिरवला. या १२५ मिलिसेकंदांशेजारी वरचे ४० मिलिसेकंद ठेवून पाहिले, की ही मंडळी एवढ्या टोकाला का गेली ते कळते. पण पीसीआय नसेल तर खरे कार्ड गेस्टच्या ताब्यात देणे अवघड होते, आणि फायरक्रॅकरनेही २०२५ मध्ये पीसीआय ऐच्छिक स्वरूपात परत आणले.

म्हणून बस ठेवून प्रश्न कमी करणे, हा तिसरा मार्ग मला अधिक टिकाऊ वाटतो. शेवटच्या बसचा क्रमांक बूटच्या वेळी कर्नलला सांगण्याची सोय लिनक्समध्ये जुनीच आहे. तिथे शून्य दिले की ती फेरी होतच नाही. शून्याव्या बसवरच्या ब्रिजमागची उपकरणे साखळीने जाताना सापडतातच, आणि जादा होस्ट ब्रिज असलेच तर ते एसीपीआय दाखवतो. व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, म्हणजे हायपरव्हायजरनेही, वापरात येणार तेवढ्याच बस तक्त्यात नोंदवल्या, तर गेस्टच्या कर्नलमध्ये एका ओळीचाही बदल करावा लागत नाही.