चिनी विद्यार्थ्यांची इंग्रजी नावे

चिनी माणूस इंग्रजी शिकताना, किंवा इंग्रजी बोलणाऱ्यांत वावरताना, स्वतःसाठी जे जादा नाव घेतो त्याला चिनी भाषेत सरळ ‘यिंगवन मिंग’ म्हणजे ‘इंग्रजी नाव’ म्हणतात. यांतली बरीचशी नावे डेव्हिड, केविन, लिली, व्हिव्हियन अशी नेहमीचीच असतात. पण रेन, स्काय, स्नो, विंटर, सेव्हन, ॲपल, ड्रॅगन अशीही पुष्कळ भेटतात आणि चर्चा होते ती यांचीच, बहुधा थट्टेच्या सुरात. चीनच्या मुख्य भूमीवर या नावाला कायद्याने काही स्थान नाही. पासपोर्टवर चिनी नावाचेच रोमन लिपीतले रूप छापलेले असते. हाँगकाँगमध्ये मात्र इंग्रजी नाव ओळखपत्रावर नोंदवता येते.

नाव निवडणे आणि नाव रचणे

ही नावे विचित्र का वाटतात, याचे उत्तर इंग्रजीच्या कच्च्या ज्ञानात शोधले जाते. ते अर्धेच खरे आहे. खरा फरक दोन समाजांच्या नाव ठेवण्याच्या रीतीत आहे. इंग्रजीत आडनावे हजारो, पण पाळण्यातल्या नावांचा साठा ठरलेला असतो: जॉन, मेरी, थॉमस, एलिझाबेथ. आईबाप त्यातून एक उचलतात. त्याचा मूळ अर्थ काय हे बहुतेकांना ठाऊकही नसते. चीनमध्ये नेमके उलट. आडनावे थोडी, वांग, ली आणि झांग ही तीन आडनावे लावणारेच २५ कोटींहून अधिक भरतात. सामान्य जनतेला तिथे ‘लाओ बाय शिंग’, म्हणजे ‘जुनी शंभर आडनावे’, असेच म्हणतात. आडनावापुढचे एक किंवा दोन अक्षरांचे नाव मात्र घरचे लोक स्वतः रचतात. भाषेतले कुठलेही शोभेसे अक्षर त्यासाठी चालते: पाऊस, बर्फ, जेड, शौर्य, पहाट. यादी नसतेच, शब्दकोश असतो.

अशा घरात वाढलेली, ‘श्याओ यू’ म्हणजे ‘बारीक पाऊस’ या नावाची मुलगी इंग्रजी नाव घ्यायला बसते तेव्हा तीही शब्दकोशच उघडते. ‘रेन’ हा शब्द सापडतो, अर्थ जुळतो, उच्चार सोपा असतो. तिच्या दृष्टीने काम झाले. लंडनच्या माणसाला हे चमत्कारिक वाटते. मराठी वाचकाला वाटायचे कारण नाही. आपल्याकडे वर्षा, आकाश, हेमंत, तारा आणि सागर एकाच वर्गात बसलेले असतात.

स्वतःचे नाव स्वतः ठेवणे हेही चीनला नवे नाही. जुन्या काळी लहानपणी ‘दुधाचे नाव’ असे, शाळेत जाताना दुसरे मिळे, पुरुष विशीत आला की समवयस्कांनी हाक मारण्यासाठी आणखी एक. लेखक आणि चित्रकार याशिवाय आवडीचे टोपणनाव घेत. अकराव्या शतकातला कवी सू श्र (१०३७–११०१) हद्दपारीत असताना एका टेकाडाच्या पूर्वेकडच्या उतारावर शेती करू लागला आणि त्याने स्वतःला ‘तुंगपो’, म्हणजे ‘पूर्वेचा उतार’, म्हणवून घेतले. आजही तो सू तुंगपो म्हणूनच ओळखला जातो. त्याच्या शेजारी ‘स्काय झांग’ हे नाव फारच सौम्य म्हणायचे. दुधाच्या नावांत तर ‘कुत्र्याने टाकलेले उष्टे’ अशा अर्थाचीही असत, दुष्ट शक्तींनी पोराकडे ढुंकूनही पाहू नये म्हणून. दगडू आणि धोंडू ज्यांच्या घराण्यात होऊन गेले त्यांना हे समजावून सांगायला नको.

नावे येतात कुठून

सर्वांत सरळ वाट उच्चाराची. ‘ली’चे लिली होते, ‘वेईवेई’चे व्हिव्हियन, ‘ना’चे नीना. हाँगकाँगमध्ये या वाटेने नवीच नावे घडली: गायक ली हाक-कान याने उच्चार जुळवून ‘हॅकन’ घेतले, अभिनेता चेंग यी-किन ‘एकिन’ झाला. ही नावे ना इंग्रजी ना चिनी, पण तिथे ती कुणाला खटकत नाहीत. कधी ही वाट खड्ड्यात नेते. ‘फांग’वरून ‘फॅनी’ घेणाऱ्या मुलीला शब्दकोश हे सांगत नाही की एकेकाळच्या या घरंदाज नावाला ब्रिटिश बोलीत आज अश्लील अर्थ आहे. कँडी आणि चेरी यांचेही तेच. चिनी कानाला ती गोड, इंग्रजी कानाला क्लबातल्या नर्तकीची. योयो, कोको, लुलू ही एकच अक्षर दोनदा येणारी नावे लाडाने नाव दुहेरी करण्याच्या चिनी सवयीतून येतात.

अर्थाच्या वाटेवर कधी विनोदही असतो. टेनसेंट कंपनीचे एक संस्थापक मा ह्वाथंग हे ‘पोनी मा’ म्हणून ओळखले जातात. ‘मा’ या आडनावाचाच अर्थ घोडा. अलीबाबा या ऑनलाइन व्यापार कंपनीचे संस्थापक मा युन (जॅक मा) यांचे ‘जॅक’ मात्र दुसऱ्याने दिलेले. हांगचौ शहरात शाळकरी वयात ते इंग्रजी सुधारावे म्हणून परदेशी पर्यटकांना फुकट गाव दाखवत, त्यांतल्या एका बाईंनी ते नाव सुचवले. जॅकी चॅनची गोष्टही याच जातीची: ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे बांधकामावर काम करताना जॅक नावाच्या सहकाऱ्यावरून तो ‘छोटा जॅक’ झाला आणि पुढे जॅकी.

एको (Echo, म्हणजे प्रतिध्वनी) या नावाला वेगळा इतिहास आहे. इंग्रजीत हे नाव क्वचितच कुणी ठेवते, चिनी तरुणींत मात्र ते सर्रास भेटते. तैवानची लेखिका सानमाओ (१९४३–१९९१) हिचे हे इंग्रजी नाव. सहारा वाळवंटातल्या संसाराविषयी तिने लिहिलेल्या लेखनाने चिनी वाचकांच्या पिढ्या भारल्या गेल्या. म्हणजे ‘एको’ हे इंग्रजी नाव असले तरी त्याची परंपरा चिनी आहे.

पाठ्यपुस्तकांचा वाटाही मोठा. १९९०च्या दशकात पीपल्स एज्युकेशन प्रेसच्या इंग्रजी पुस्तकांत ली लेई आणि हान मेईमेई या चिनी मुलांबरोबर जिम ग्रीन आणि लूसी व लिली या जुळ्या बहिणी असत. कोट्यवधी मुलांनी पाहिलेले हे पहिले ‘इंग्रज’. लूसी आणि लिली अजून इतक्या का भेटतात, याचे कारण निदान काही अंशी इथे आहे.

वर्ग आणि कचेरी

पहिल्या महायुद्धानंतर १९१९च्या पॅरिस परिषदेत चीनची बाजू मांडणारे मुत्सद्दी कू वेईच्युन हे पाश्चात्त्यांना ‘वेलिंग्टन कू’ म्हणून माहीत होते, म्हणजे ही प्रथा जुनीच. पण ती घराघरांत पोचली १९७८नंतरच्या आर्थिक खुलेपणामुळे. परदेशी शिक्षक आले. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात हजेरी घेताना क्ष, छ, झ यांच्या मधले उच्चार आणि त्यावर चढउतारांचे सूर त्यांना झेपेनात, तेव्हा पहिल्याच तासाला प्रत्येकाला इंग्रजी नाव घ्यायला सांगण्याची रीत पडली. कुणी शिक्षकाच्या यादीतले पहिले नाव घेई, कुणी रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी बास्केटबॉलपटूचे नाव सांगे. सहामाही बदलली की नावही बदलणारे होते. २००१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी सुरू करण्याचे धोरण आणले आणि नाव घेण्याचे वय आणखी खाली आले.

ही प्रथा केवळ परदेशी लोकांच्या सोयीसाठी चालली आहे, असे मात्र नाही. चिनी व्यवहारात निव्वळ नावाने हाक मारणे ही फार जवळिकीची गोष्ट आहे. कचेरीत ‘वांग मॅनेजर’, ‘लाओ ली’ (थोरला ली), ‘श्याओ वांग’ (धाकटा वांग) असे बोलावतात, आणि प्रत्येक हाकेत कोण वरचा कोण खालचा हे ठरलेले असते. साहेबाला ‘टोनी’ म्हटले की ना अपमान होतो ना सलगी. माझ्या मते इंग्रजी नावे टिकून राहिली ती या सोयीमुळे. समोर एकही परदेशी माणूस नसलेल्या शांघायच्या कचेऱ्यांतही ती चालतात, याचा दुसरा उलगडा होत नाही. अलीबाबाने हेच काम इंग्रजीशिवाय केले. तिथे कर्मचारी ‘ह्वामिंग’ म्हणजे टोपणनाव घेतात. मा युन यांनी घेतलेले नाव तलवारबाजांच्या कादंबरीतल्या एका वृद्ध गुरूचे, फंग छिंगयांग.

अलीकडे तरुणांत इंग्रजी नाव न घेता आपले चिनी नावच नीट उच्चारायला लावण्याचा आग्रह वाढला आहे. दुसरीकडे, तान्ह्या मुलांसाठी आईबाप नाव विकत घेतात असाही व्यवसाय उभा राहिला. २०१५ मध्ये एका ब्रिटिश शाळकरी मुलीने सुरू केलेले संकेतस्थळ पालकांनी निवडलेल्या गुणांवरून इंग्रजी नावे सुचवू लागले.

उलट दिशेने

चीनमध्ये जाणारे परदेशीही नाव घेत आले आहेत. सोळाव्या शतकाच्या शेवटी आलेला इटालियन जेझुइट (कॅथलिक संघाचा) धर्मप्रसारक मातेओ रिची ‘ली मादौ’ झाला. १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे ‘चीन’, हे अक्षर जोडले गेले. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले आणि तिथे आजही याच नावाने त्यांचे स्मरण होते. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना आणि त्यांच्या चिनी पत्नी गुओ चिंगलान यांना मुलगा झाला. डिसेंबरमध्ये डॉक्टर वारले. मुलाचे नाव यिनहुआ: ‘यिन’ म्हणजे भारत, आणि ‘हुआ’ वडिलांच्या नावातलेच.